डी.फार्मचं ५०० तासांचं ट्रेनिंग: जागा कशी निवडावी, फॉर्म कसा भरावा, काउंटरवर काय शिकावं?

द्वितीयवर्ष_लातूर

नमस्कार. डी.फार्म (फार्मसी डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाची एमएसबीटीईची (राज्य तंत्रशिक्षण मंडळाची) परीक्षा याच महिन्यात संपतेय. त्यानंतर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग करायचं आहे. शंका अशा:

मेडिकल चांगलं की सरकारी रुग्णालय? दोन्हीकडे थोडं थोडं केलं तर चालतं का?

रोज ६ तास, आठवड्याची सुट्टी धरून तीन महिने, एवढ्यात तास पुरे होतात का? पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत एका मेडिकलवर काम केलं होतं, ते तास धरतात का?

एक दुकानदार म्हणतात, "रोज यायची गरज नाही, फॉर्मवर सही-शिक्का देतो." वर्गातले बरेच जण असंच करणार आहेत. त्यात पुढे काही अडचण येते का?

शेवटचं म्हणजे, काउंटरवर पहिल्या दिवसापासून नेमकं काय शिकून घ्यायचं? पुस्तकातलं प्रिस्क्रिप्शन वाचता येतं, पण खरी चिठ्ठी हातात आली की काही सुचत नाही.

फार्मसी_शिक्षक

आधी कागदपत्रांचं सांगतो, कारण तिथे चूक झाली तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी अडकते.

ट्रेनिंग दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिल्यानंतरच सुरू करता येतं. सुट्टीत केलेल्या कामाचा अनुभव तुमच्या उपयोगाचा आहे, पण त्याचे तास ५०० मध्ये धरले जात नाहीत. निकाल लागेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही.

नियमात तीन आकडे आहेत आणि तिन्ही एकाच वेळी जुळावे लागतात. एकूण किमान ५०० तास, किमान ३ महिने, आणि ५०० पैकी किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्याचं काम. रोज ६ तास आणि महिन्याला २६ दिवस धरले तर तीन महिन्यांत ४६८ तास होतात, म्हणजे ३२ कमी पडतात. साडेसहा तास केलेत तर ५०७ होतात, पण एक सणाची सुट्टी आणि एक आजारपण आलं की पुन्हा कमी. रोज ७ तास ठरवा, म्हणजे थोडी ढील राहते. उलट काही मुलं रोज ८ तास करून अडीच महिन्यांच्या आत ५०० भरतात आणि प्रमाणपत्र मागतात. तास भरले तरी तीन महिन्यांची अट बाकी असते, त्यामुळे तोही फॉर्म परत येतो.

आता फॉर्म. 'प्रॅक्टिकल ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट फॉर्म' कॉलेजकडून तीन प्रतींत मिळतो. त्यात पाच भाग असतात. पहिला प्राचार्य भरतात, दुसरा तुम्ही, तिसरा तुम्हाला शिकवायला तयार झालेली व्यक्ती. या व्यक्तीला नियमाच्या भाषेत अप्रेंटिस मास्टर म्हणतात. हे तीन भाग ट्रेनिंग सुरू होण्याआधी भरून पहिली प्रत कॉलेजात जमा करायची असते. ट्रेनिंग पूर्ण झाल्यावर अप्रेंटिस मास्टर चौथा भाग भरतात आणि मग प्राचार्य पाचवा. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते: मुलं तीन महिने काम करतात आणि पाचही भाग शेवटी एकदम भरायला आणतात. मग सुरुवातीची तारीख कशावरून धरायची, हा प्रश्न उभा राहतो. पहिली प्रत जमा केल्याची पोच घेऊन ठेवा.

दोन ठिकाणी विभागून केलं तर चालतं. पण तसं करायचं असेल तर दोन्हीकडचे फॉर्म आधीच कॉलेजकडून घ्या आणि दोन्हींच्या तारखा एकमेकांवर चढू देऊ नका.

जागा नक्की करण्याआधी तिथे किती शिकाऊ आहेत ते विचारा. एका नोंदणीकृत फार्मासिस्टकडे जास्तीत जास्त दोन शिकाऊ घेता येतात. पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे एक वाढतो. दुकानात एकच फार्मासिस्ट असेल आणि आधीच दोन मुलं असतील, तर तुमचा फॉर्म तिसरा ठरतो. खासगी रुग्णालय मनात असेल तर ते चालतं का, हे आधी कॉलेजात विचारा. सरकारी, महापालिका आणि ईएसआयएसची (राज्य कामगार विमा योजनेची) रुग्णालयं थेट चालतात. परवानाधारक मेडिकलही चालतं.

आणखी एक गल्लत नेहमी होते. हे ५०० तास वेगळे आणि अप्रेंटिस कायद्याखालची स्टायपेंडवाली अप्रेंटिसशिप वेगळी. कंपनीत किंवा साखळी दुकानात कुणी 'अप्रेंटिस' म्हणून घेत असेल, तर कॉलेजचा कॉन्ट्रॅक्ट फॉर्म भरून देणार का हे पहिल्याच भेटीत विचारा. नाहीतर वर्षभर काम करूनही नोंदणी करणाऱ्या फार्मसी कौन्सिलला दाखवायला कागद नाही, अशी वेळ येते.

काउंटर_सोलापूर

सरांनी कागदाचं सांगितलं, मी दुकानाचं सांगतो.

ताई, दुकान मोठं आहे की छोटं हे बघू नका. फार्मासिस्ट दिवसभर काउंटरवर उभा असतो का, एवढं बघा. परवान्यावर एकाचं नाव आणि काउंटरवर भलतेच लोक, अशा दुकानात फार तर बिलिंग आणि रॅक भरणं शिकाल. संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ग्राहक म्हणून जाऊन पंधरा मिनिटं उभ्या राहा. पांढरा अ‍ॅप्रन आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला घातलेली व्यक्ती चिठ्ठी स्वतः वाचत असेल, पेशंटशी दोन वाक्यं बोलत असेल, तर जागा चांगली. आसपास एक बालरोगतज्ज्ञ, एक फिजिशियन आणि एक डोळ्यांचे डॉक्टर असतील तर अजून चांगलं. तिन्ही प्रकारच्या चिठ्ठ्या हाताखालून जातात.

पहिले पंधरा दिवस माल उतरवून घ्या. कमीपणाचं काम नाही हे. स्टॉकिस्टचं (घाऊक विक्रेत्याचं) बिल एका हातात, माल दुसऱ्या हातात. नाव, ताकद, बॅच नंबर, एक्स्पायरी, एमआरपी, नग आणि १०+१ सारखी स्कीम असेल तर फुकटचा नग, एकेक ओळ जुळवायची. ५ मिग्रॅची ऑर्डर आणि २.५ मिग्रॅचा माल हे इथेच सापडतं. एकदा रॅकवर गेलं की सापडत नाही, कारण खोकं सारखंच दिसतं. खरेदीची बिलं क्रमांक टाकून तारखेप्रमाणे लावायची असतात, तीही फाइल तुम्हीच लावा. औषध निरीक्षक आले की आधी तीच मागतात.

रॅकवर नवीन माल मागे, जुना पुढे. 'जुना' म्हणजे आधी आलेला नव्हे, आधी संपणारा. कधी कधी आज आलेल्या बॅचची मुदत महिन्यापूर्वी आलेल्या बॅचच्या आधी संपते. पॅकवर ०५/२०२७ असेल तर मे २०२७ च्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. १ जूनला ते रॅकवर दिसता कामा नये. महिन्यातून एकदा सगळी रॅक फिरायची आणि तीन महिन्यांत संपणारा माल वेगळा काढायचा. मुदत संपलेला माल स्टॉकिस्टला परत जाईपर्यंत वेगळ्या खोक्यात, वर 'विक्रीसाठी नाही' लिहून.

स्ट्रिप कापायची एक पद्धत आहे. पूर्ण स्ट्रिप आडवी धरा, बॅच आणि एक्स्पायरी कुठल्या टोकाला छापली आहे ते बघा, आणि दुसऱ्या टोकाकडून कापा. पहिल्या ग्राहकाला चार गोळ्या द्यायच्या म्हणून छापील टोकच कापून दिलं तर उरलेल्या सहा गोळ्या बेवारस. कुठल्या बॅचच्या, कधीपर्यंतच्या, कुणालाच सांगता येत नाही. ग्राहकाला जे तुकडे जातात त्यांचा बॅच नंबर आणि मुदत बिलावर यायला हवी. कप्प्याच्या मधून कात्री घातली की फॉइल फुटते आणि पावसाळ्यात ती गोळी दोन दिवसांत ओलसर होते.

फ्रिज २ ते ८ अंश. इन्सुलिन आणि लशी मधल्या फळीवर, दारात नाही, फ्रीझरला चिकटून तर मुळीच नाही. तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी ते वाया गेलं, मग ते कितीही स्वच्छ दिसो. आपल्याकडे लातूर-सोलापूरला मे महिन्यात दुपारी लाइट जाते तेव्हा फ्रिजचं दार उघडायचं नाही, हा नियम दुकानातल्या सगळ्यांनी पाळला तरच उपयोग. '२५ अंशांच्या खाली ठेवा' लिहिलेला माल पत्र्याच्या पोटमाळ्यावर ठेवलेला दिसला तर मालकांना सांगा. सपोझिटरी तिथे वितळतात, सॉफ्ट जेल कॅप्सूल एकमेकांना चिकटतात.

हॉस्पिटल_फार्मसिस्ट

माझं मत: जमलं तर निम्मे तास जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात, निम्मे मेडिकलमध्ये.

सरकारी ओपीडीच्या खिडकीवर एका सकाळीत ढीगभर चिठ्ठ्या येतात. हात बसतो, वेग येतो. २५० तास डिस्पेन्सिंगची (चिठ्ठीवरून औषध देण्याची) अट तिथे सहज भरते. पण औषधांची यादी ठरावीक आणि जेनेरिक (मूळ घटकाच्या) नावांची. ब्रँडचा गोंधळ, खरेदी, एच१ ची वही (शेड्यूल एच१ या कायदेशीर यादीतल्या औषधांच्या विक्रीची नोंद), ग्राहकाशी सविस्तर बोलणं, हे मेडिकलमध्येच शिकायला मिळतं. ई-औषधी या सरकारी संगणक प्रणालीवर साठा कसा चढतो-उतरतो, वॉर्डचा इंडेंट (मागणीपत्र) कसा येतो आणि कसा भागवतात, हे मात्र रुग्णालयाशिवाय कळत नाही.

रुग्णालयात तीन गोष्टी मुद्दाम बघून घे. पहिली, पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल कुठे ठेवलेत. ते कधीही पातळ न करता थेट शिरेत द्यायचे नसतात, हृदय थांबतं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाइनच्या अँप्युलशेजारी ते नसावेत, वेगळ्या खणात, लाल चिठ्ठी लावून असावेत. दुसरी, हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनची) ताकद. एका मिलीत १००० युनिट आणि एका मिलीत ५००० युनिट अशा दोन्ही व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) असतात. इंडेंटवर नुसतं 'हेपॅरिन १ व्हायल' लिहिलं असेल तर सिस्टरांना फोन करून विचारायचं, अंदाजाने द्यायचं नाही. तिसरी, क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची ढकलगाडी. दर महिन्याला कोण तपासतं, कशी यादी असते, सील कसं लावतात, ते बघ आणि एकदा स्वतः तपास.

द्वितीयवर्ष_लातूर

खूप आभार सर, दादा, ताई. ७ तासांचं गणित लगेच पटलं. ग्रामीण रुग्णालयात आणि एका मेडिकलमध्ये विचारते.

चिठ्ठी वाचण्याबद्दल आणि लहान मुलांच्या डोसबद्दल जरा सविस्तर सांगाल का? आणि एच१ ची वही म्हणजे काय काय त्यात येतं? अ‍ॅझिथ्रोमायसिन एच१ मध्ये आहे का? वर्गात दोन्ही उत्तरं ऐकली.

काउंटर_सोलापूर

अँटिबायोटिक आहे म्हणजे एच१ मध्येच असणार. वहीत लिहून टाकायचं, लिहिल्याने काही बिघडत नाही.

जनऔषधी_नांदेड

दादा, इथे दुरुस्ती करतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन शेड्यूल एच मध्ये आहे, एच१ मध्ये नाही. एच१ ची यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली, तेव्हा त्यात ४६ औषधं होती. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन, लेव्होफ्लोक्सासिन, मॉक्सिफ्लोक्सासिन हे त्यात आहेत. टीबीची रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड आहेत. झोपेची आणि वेदनेची अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन आहेत. क्लोनाझेपाम मात्र एच१ मध्ये नाही, याचं भल्याभल्यांना आश्चर्य वाटतं. पण म्हणून ते चिठ्ठीशिवाय द्यायचं असं नाही. शेड्यूल एच म्हणजेही चिठ्ठी हवीच.

जास्तीचं लिहिलं तर बिघडत नाही हे खरं, पण सगळीच अँटिबायोटिक वहीत चढवायला लागलं की दोन आठवड्यांत कंटाळा येतो आणि मग खरी एच१ ची नोंदही सुटते. यादी छापून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा.

वहीत लिहायचं ते: तारीख, डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषधाचं नाव, दिलेले नग. औषध देताना लगेच लिहायचं, रात्री दुकान बंद करताना आठवून नाही. वही ३ वर्षं जपायची. टीबीची औषधं दिली असतील तर पेशंटची माहिती निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर कळवणं २०१८ पासून मेडिकलवाल्यांनाही बंधनकारक आहे. ती नोंद कशी करतात ते अप्रेंटिस मास्टरकडून एकदा करून बघा.

शेड्यूल एक्सची (सगळ्यात कडक नियंत्रणाची) औषधं बहुतेक छोट्या दुकानांत नसतातच, कारण त्याला फॉर्म २०-एफ चा वेगळा परवाना लागतो. असतील तर कुलपात, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षं.

आणि एक नियम पहिल्या दिवसापासून अंगी बाणवा: चिठ्ठीवरच्या शेड्यूल एचच्या औषधाऐवजी स्वतःच्या मनाने दुसरं औषध द्यायचं नाही. तोच घटक असलेला दुसरा ब्रँडसुद्धा नियमाप्रमाणे नाही. जनऔषधीत हा प्रश्न रोज येतो. डॉक्टरांनी जेनेरिक नावाने लिहिलं असेल तर अडचण नाही, ब्रँडने लिहिलं असेल तर पेशंटला डॉक्टरांकडून जेनेरिक नावाने लिहून आणायला सांगायचं, किंवा डॉक्टरांना फोन लावायचा.

काउंटर_सोलापूर

बरोबर, यादी काढून पाहिली. अ‍ॅझिथ्रो त्यात नाही. वरचं माझं उत्तर धरू नका.

हॉस्पिटल_फार्मसिस्ट

चिठ्ठीचं मी सांगते. अक्षर लावत बसण्याआधी कागद पूर्ण बघायची सवय लाव: पेशंटचं नाव, वय, तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही. वय सगळ्यात महत्त्वाचं. वय ३ वर्षं असेल आणि ५०० मिग्रॅची गोळी लिहिलेली वाटत असेल, तर तू चुकीचं वाचते आहेस किंवा लिहिणाऱ्याची चूक आहे. दोन्ही वेळा फोन.

नंतर प्रत्येक औषधाला पाच प्रश्न: काय, किती ताकदीचं, कशा स्वरूपात, दिवसातून किती वेळा, किती दिवस. १-०-१ पाच दिवस म्हणजे १० नग. १-१-१ पाच दिवस म्हणजे १५. नग जुळला नाही तर वाचण्यात चूक आहे, हा सोपा पडताळा आहे.

अक्षर लागत नसेल तर आजारावरून नाव ओळखायचा प्रयत्न एका मर्यादेपर्यंतच. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन, प्रेडनिसोलोन आणि प्रोप्रानोलॉल, या जोड्या लिहिताना सारख्या दिसतात आणि परिणाम पूर्ण वेगळे. एक मानसिक आजाराचं, दुसरं साखर उतरवणारं, अशी ती अदलाबदल होते. शंका आली तर 'हे असावं' म्हणून देऊ नकोस. अप्रेंटिस मास्टरला दाखव, त्यांनाही शंका असेल तर ते डॉक्टरांना विचारतील. पेशंट दहा मिनिटं थांबेल.

दशांश चिन्हावर नजर ठेव. '.५' मधला ठिपका पुसट असेल तर ५ वाचलं जातं, आणि '१.०' चं १० होतं. स्वतः काही लिहिताना ०.५ आणि नुसतं १ असंच लिही. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या चिठ्ठीत तेच उजव्या डोळ्यासाठी लिहितात. थेंबाच्या औषधापुढे 'ओडी' दिसलं की कुठला अर्थ आहे ते विचारून घ्यायचं.

अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ६२५ म्हणजे ५०० अधिक १२५, ३७५ म्हणजे २५० अधिक १२५. आकडा बेरजेचा असतो. एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं नावामागे असतील तर ती गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. चुरा करून खाल्ली तर पूर्ण डोस एकदम अंगात जातो. म्हाताऱ्या माणसांना गोळी गिळवत नाही म्हणून घरचे खलबत्त्यात कुटतात, म्हणून हे देतानाच सांगायचं.

मेथोट्रेक्सेट ही गोळी हातात आली की थांबायचंच. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदा असते. रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावू शकतो. स्ट्रिपवर पेनने वार लिहून द्यायचा, 'फक्त रविवारी' असा, वार डॉक्टरांनी सांगितलेला. सोबत फॉलिक अ‍ॅसिड असेल तर ते कुठल्या दिवशी, तेही लिहायचं. आणि पेशंटला उलट विचारायचं: "काका, ही गोळी कधी घेणार?" त्यांनी "रोज रात्री" म्हटलं तर पुन्हा समजवायचं. हा उलटा प्रश्न सगळ्याच औषधांना विचार, फक्त इथे तो सोडायचाच नाही.

जनऔषधी_नांदेड

लहान मुलांच्या डोसचं गणित उदाहरणाने. वजन १२ किलो, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे एका वेळी १८० मिग्रॅ.

आता बाटली कुठली आहे ते बघा. ५ मिलीत १२० मिग्रॅ असेल तर साडेसात मिली. ५ मिलीत २५० मिग्रॅ असेल तर ३.६ मिली. थेंबाच्या बाटलीत १ मिलीत १०० मिग्रॅ असेल तर १.८ मिली. तिन्ही बाटल्यांवर पॅरासिटामॉलच लिहिलेलं असतं. आई म्हणते, "मागच्या वेळी दीड चमचा दिला होता," आणि आपण २५० ची बाटली दिली, तर बाळाला ३७५ मिग्रॅ जातात, दुपटीहून जास्त. म्हणून बाटलीची ताकद बदलली की मिलीही बदलून सांगायचे. घरातला चमचा सांगायचा नाही, सोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज द्यायची आणि कुठल्या रेषेपर्यंत, तिथे पेनने खूण करायची. दोन डोसांत किमान ४ तास, आणि २४ तासांत ४ वेळांपेक्षा जास्त नाही.

ड्राय सिरप दुकानात बनवून द्यायला शिका. आधी बाटली ठोकून पावडर मोकळी करायची, मग उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत, जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा, आणि मग खुणेपर्यंत पाणी. एकदम खुणेपर्यंत ओतलं तर तळाला गठ्ठा राहतो. वरचा डोस पातळ आणि शेवटचा डोस दाट मिळतो. किती दिवस चालतं ते लेबलवर असतं, बहुधा ७ दिवस, आणि फ्रिजमध्ये की बाहेर तेही लेबलवरच. बनवल्याची तारीख बाटलीवर लिहायची.

ओआरएसचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं, ते पूर्ण एक लिटर पाण्यात. लोक अर्धं पाकीट पेल्यात टाकतात. २०० मिलीच्या पेल्यात अर्धं पाकीट म्हणजे अडीचपट दाट पाणी, जुलाब वाढतात आणि सोडियम चढतं. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, एकाच वेळी दोन्ही प्रकार काउंटरवर ठेवू नका. तयार पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं.

इन्सुलिनच्या सिरिंजवर थोडा वेळ घालवा, हे कॉलेजात हातात धरून कमी दाखवतात. आपल्याकडे व्हायल बहुधा १ मिलीत ४० युनिटची, पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. १०० युनिटच्या व्हायलही मिळतात. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी केशरी टोपीची. १०० ची व्हायल घेऊन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत ओढलं तर २० ऐवजी ५० युनिट जातात. साखर इतकी उतरते की रात्री झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. उलट केलं, ४० ची व्हायल आणि केशरी सिरिंज, तर २० ऐवजी ८ युनिट, आणि साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत राहतात. नुसती "इन्सुलिनची सुई द्या" म्हणत कुणी आलं तर व्हायल कुठली, हे विचारल्याशिवाय देऊ नका. मोकळी व्हायल सोबत आणायला सांगा.

रोटाकॅप (दम्याच्या औषधाची कॅप्सूल) गिळायची नसते, यंत्रात फोडून ओढायची असते. हसू नका, दुसऱ्या गोळ्यांसोबत दिली की लोक गिळतात, कारण दिसायला ती कॅप्सूलच असते. नमुन्याचं यंत्र काउंटरखाली ठेवून करून दाखवा, आणि स्टेरॉइडची असेल तर नंतर चूळ भरायला सांगा.

फार्मसी_शिक्षक

आता न येता सही घेण्याबद्दल. मुद्दाम शेवटी घेतलं, कारण वरचं सगळं वाचल्यावर ते जास्त नीट कळतं.

फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे. ट्रेनिंगमध्ये तुम्ही ते त्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करता. नोंदणी झाली की देखरेख संपते. दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्या काउंटरवर असाल आणि मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी येईल. तेव्हा चूक टाळण्यासाठीचा सराव याच ५०० तासांत होतो, पुढे कुणी करून घेत नाही.

कागदाच्या बाजूनेही ते कच्चं असतं. चौथ्या भागात अप्रेंटिस मास्टर लिहून देतात की या व्यक्तीने माझ्याकडे इतके तास काम केलं. त्याच तीन महिन्यांत तुम्ही दुसरीकडे नोकरीला असाल, किंवा दुकानात एकच फार्मासिस्ट असून पाच मुलांच्या फॉर्मवर त्यांची सही असेल, तर तारखा आणि संख्या जुळवल्या की लगेच उघड होतं. खोटं लिहून दिलेल्या कागदावर तुमचीही सही असते. त्या दुकानदारांना सरळ सांगा की रोज यायचं आहे. ते नको म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

डी.फार्म झाल्यावर नोंदणीसाठी द्यायच्या एक्झिट परीक्षेबद्दल कुणी विचारलं नाही, पण ट्रेनिंगसोबत तयारी होते म्हणून सांगतो. नियम २०२२ मध्ये आले आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर, बहुपर्यायी, प्रत्येकात ५० टक्के लागतात. तुमच्या बॅचसाठीची सूचना फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर बघून ठेवा.

द्वितीयवर्ष_लातूर

सर, त्या दुकानदारांना नाही म्हणून सांगितलं. ग्रामीण रुग्णालयात सकाळी ९ ते १ आणि मेडिकलमध्ये संध्याकाळी ५ ते ८ असं एकाच दिवशी केलं तर तारखा एकमेकांवर चढतात असं होईल का?

फार्मसी_शिक्षक

हो, दोन्ही फॉर्मवर तेच तीन महिने येतील आणि प्रश्न विचारला जाईल. आधी एक जागा पूर्ण करा, मग दुसरी. उदाहरणार्थ पहिला दीड महिना रुग्णालय, नंतरचा दीड महिना मेडिकल, दोन्हीकडे रोज ७ तास. रुग्णालयाची ओपीडी दुपारी बंद होत असेल तर उरलेले तास भांडारात आणि वॉर्डच्या इंडेंटवर द्या, पण ते डिस्पेन्सिंगच्या २५० मध्ये धरू नका. रोजच्या वहीत दोन वेगळे रकाने करा, डिस्पेन्सिंग आणि इतर, आणि दर शनिवारी अप्रेंटिस मास्टरची सही घ्या.

काउंटर_सोलापूर

मेडिकलचा दीड महिना पावसाळ्यात येत असेल तर उत्तम. ताप, जुलाब, दमा, डोळे येणं, सगळ्या चिठ्ठ्या त्या दिवसांत येतात.